पाणी न सोडणारं मॅग्नेशियम

१९५१च्या नोव्हेंबरअखेर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दोघांनी डीएनएची प्रतिकृती उभी केली आणि ती बघायला लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या मंडळींना बोलावलं. जेम्स वॉटसन तेव्हा तेवीस वर्षांचे होते, फ्रान्सिस क्रिक पस्तीसचे. दोघांच्या या प्रतिकृतीत एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या होत्या. साखळ्यांचे फॉस्फेटचे कणे आत, मधोमध. आणि ज्यांच्या क्रमात आनुवंशिकतेचा मजकूर असतो ते बेस बाहेरच्या अंगाला. आता फॉस्फेट म्हणजे ऋणभाराचा कारखाना. असे तीन कणे एकमेकांना खेटून बसवले तर ते एकमेकांना ढकलून देणार, हे शाळकरी पोरालाही कळेल. त्यावर दोघांनी तोड काढली होती. मधल्या पोकळीत मॅग्नेशियमचे आयन घालायचे. प्रत्येकावर दोन धनभार, म्हणजे एक आयन दोन बाजूंच्या दोन फॉस्फेटना धरून ठेवील आणि भांडण मिटेल.

पाहुण्यांमध्ये रोझलिंड फ्रँकलिन होत्या. डीएनएच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडून त्यांचे फोटो काढणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी प्रतिकृती पाहिली आणि दोन हरकती घेतल्या. एक, प्रत्यक्ष डीएनएत याहून कितीतरी जास्त पाणी असतं. वॉटसननी फ्रँकलिन यांच्या व्याख्यानात ऐकलेला पाण्याचा आकडा चुकीचा लक्षात ठेवला होता. दुसरी हरकत जास्त बोचरी होती. मॅग्नेशियमचा आयन पाण्यात कधी उघडा नसतोच, पाण्याचे रेणू त्याला घट्ट वेढून असतात. तो फॉस्फेटला थेट काय धरणार? त्या प्रतिकृतीच्या घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली. प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना डीएनएचा नाद सोडायला सांगितलं. हा सगळा फजितवाडा वॉटसननी स्वतःच पुढे ‘द डबल हेलिक्स’मध्ये लिहून ठेवला आहे.

डीएनएच्या शोधाची गोष्ट मराठीत बऱ्याचदा लिहिली गेली आहे. त्यात फ्रँकलिन यांचा ५१ नंबरचा फोटो येतो, तो त्यांना न विचारता वॉटसनना कसा दाखवला गेला ते येतं, आणि ते यायलाच हवं. पण ही मॅग्नेशियमची हरकत बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. मला वाटतं, त्या भेटीतलं सगळ्यात खोल वाक्य तेच होतं. धातूचा आयन डीएनएजवळ आला की पुढे काय घडणार, हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरतं: तो आयन आपलं पाणी सोडायला तयार आहे का? या एका प्रश्नावर डीएनए कधी सरळ राहतो, कधी वेटोळं होतो, कधी उलटा पिळतो, कधी चार पदरी होतो, आणि कधी असा वाकतो की पेशी मरते.

आधी या रेणूची मूळ अडचण बघू. पुस्तकातल्या चित्रात डीएनए एकटा असतो, निळ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर ऐटीत वळत गेलेला. तसा एकटा तो खरंच ठेवला तर टिकणार नाही. बेसच्या प्रत्येक जोडीमागे दोन फॉस्फेट, म्हणजे दोन ऋणभार. एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंतचं अंतर ०.३४ नॅनोमीटर. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६४० कोटी जोड्या. त्यांची एकत्र लांबी दोन मीटरच्या आसपास आणि त्यांवरचे ऋणभार जवळजवळ १३०० कोटी. हे सगळं ज्या केंद्रकात मावतं त्याचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. प्रत्येक ऋणभार शेजारच्याला दूर लोटतोय आणि तरी हा गोतावळा एका खोलीत नांदतो. कारण धनभाराचे आयन त्याच्या अवतीभवती सतत असतात. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. केंद्रकात धनभारित प्रथिनंही असतात आणि त्यांचा वाटा मोठा आहे, पण ते प्रकरण स्वतंत्र.

अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातल्या जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९मध्ये या गर्दीचं गणित मांडलं, आणि ते विलक्षण आहे. डीएनएला त्यांनी एक सरळ भारित रेषा मानलं. बेस, खाचा, पीळ सगळं विसरून. रेषेवरचे भार ठरावीक मर्यादेपेक्षा दाट असले तर आसपासचे आयन तिच्यावर आपोआप दाटतात, आणि उरलेला भार त्या मर्यादेपर्यंत उतरला की थांबतात. द्रावणात फक्त सोडियम असेल तर डीएनएचा ७६ टक्के ऋणभार झाकला जातो. फक्त मॅग्नेशियम असेल तर ८८ टक्के. तीन धनभारांचा आयन असेल तर ९२ टक्के. गंमत अशी की हे आकडे बाहेरच्या द्रावणात मीठ किती आहे यावर फारसे अवलंबून नाहीत. पाणी ओतून मीठ पातळ केलं तरी ही साय निघत नाही. आणि या आयनांना बसायची नेमलेली जागाही नसते. ते रेणूच्या लांबीवर मोकळे फिरतात, फक्त त्याला सोडून जात नाहीत.

मग मीठ फारच कमी झालं तर डीएनएचं काय होतं? त्याच्या दोन साखळ्या सुटतात. डीएनए तापवला की तो एका तापमानाला उकलतो हे सर्वांना माहीत असतं; पण ते तापमान द्रावणातल्या मिठावर ठरतं. सोडियमचं प्रमाण दहापट कमी केलं की ते सुमारे १६ अंशांनी खाली येतं. आणखी दहापट कमी केलं की आणखी तितकंच. असं उतरत गेलं की अगदी निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्यात डीएनए खोलीच्या तापमानालाच उकलून बसतो, गॅस पेटवायचीसुद्धा गरज नाही. कारण मॅनिंग यांच्या गणितातच आहे. दोन साखळ्या वेगळ्या झाल्या की प्रत्येकीवरचा भार विरळ होतो आणि दाटलेल्या सोडियमपैकी काही आयन मोकळे होतात. बाहेर मीठ जितकं कमी, तितकी त्यांना बाहेर पसरण्याची ओढ जास्त. साखळ्यांना सुटायला लावणारी ताकद ती हीच. प्रयोगशाळेत नव्यानं आलेला विद्यार्थी ‘शुद्ध पाणी म्हणजे चांगलं’ म्हणून डीएनएचा नमुना त्यात विरघळवतो आणि वर चिमूटभर मीठही नसतं, तेव्हा त्याचे सीनियर कपाळाला हात का लावतात, ते आता कळेल.

सोडियमचं हे काम घरीही दिसतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळाली तर उत्तम, कारण बागायती स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात; माणसाच्या पेशीत दोनच. नसेल तर केळंही चालेल. दोन-तीन स्ट्रॉबेऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटांनी चुरायच्या. अर्धा कप पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ ढवळून त्यात ओतायचं, फेस न येऊ देता हलवायचं. साबणानं पेशींची आणि केंद्रकांची स्निग्ध पटलं फुटतात. हे चहाच्या गाळणीतून किंवा मलमलीच्या फडक्यातून उंच ग्लासात गाळायचं. खाली लालसर गढूळ रस येतो. आता फ्रीजरमध्ये गारठवलेलं सर्जिकल स्पिरिट ग्लासाच्या कडेनं, धार कडेला चिकटून राहील असं, हळूच सोडायचं. ते हलकं असल्यानं रसावर वेगळं तरंगतं. मिनिटाभरात दोन थरांच्या सीमेवर दुधट तंतू दिसायला लागतात, बारीक बुडबुडे अडकलेले, आणि वर चढतात. टूथपिक घालून फिरवली की ते तिच्याभोवती गुंडाळतात आणि ओढले की लांबतात.

त्यात पेक्टिन आणि प्रथिनंही असतात, तो निव्वळ डीएनए असतो असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ जरा जास्तच बोलतात. पण डीएनए असतो, आणि तो बाहेर पडतो तो मिठामुळे. पाण्यात विजेच्या भारांमधलं आकर्षण ऐंशीपट क्षीण होतं. अल्कोहोलमध्ये सुमारे चोवीसपटच. म्हणजे अल्कोहोल मिसळलं की सोडियम आणि फॉस्फेट एकमेकांना खूप जोरानं ओढू लागतात. सोडियम जवळ येऊन चिकटतो, रेणूचा भार झाकला जातो, भार झाकला की त्याला विरघळवून ठेवण्यात पाण्याला रस उरत नाही. मीठ न घालता नुसतं स्पिरिट ओतलं तर हे असं जमत नाही.

आता मॅग्नेशियमकडे. त्याचा आयन सोडियमपेक्षा लहान आणि भार दुप्पट, त्यामुळे पाण्याच्या रेणूंवर त्याची पकड भयंकर. सहा रेणू त्याच्याभोवती आठ बाजूंच्या स्फटिकासारखी नेमकी रचना धरून असतात. हे पाणी काढून घ्यायला सोडियमच्या मानानं चौपटीहून जास्त ऊर्जा लागते. सोडियमभोवतीचा पाण्याचा रेणू नॅनोसेकंदात बदलतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. मॅग्नेशियमभोवतीचा मायक्रोसेकंदभर टिकतो, हजारपट जास्त. लग्नाला निघालेला नवरदेव जसा एकटा कुठे जात नाही, वऱ्हाड घेऊनच दारात उभा राहतो, तसा हा आयन. त्यामुळे तो फॉस्फेटला बहुधा थेट हात लावत नाही. मधे पाण्याचा रेणू असतो आणि हातमिळवणी त्याच्या हायड्रोजनमार्फत होते. स्फटिकांच्या अभ्यासात मॅग्नेशियम डीएनएच्या पिळातल्या रुंद खाचेत ग्वानिन या बेसशीही असाच बोलताना दिसतो: पाण्याच्या मध्यस्थीनं.

फ्रँकलिन यांच्या हरकतीचं बळ यातच होतं. वॉटसन-क्रिकनी मॅग्नेशियमला जिथे कोंबलं होतं तिथे त्याला सहाच्या सहा रेणू घेऊन मावता आलं नसतं, आणि ते सोडून आत शिरण्याची किंमत परवडणारी नव्हती. दीड वर्षानं, १९५३च्या एप्रिलमध्ये त्यांची बरोबर ठरलेली रचना छापून आली, तेव्हा फॉस्फेट बाहेर होते, पाणी आणि आयन सहज येऊ शकतील असे.

पाणी मधे ठेवूनही मॅग्नेशियम काय करू शकतं हे जपानमधल्या मिशिमाच्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत काझुहिरो माएशिमा यांच्या गटानं दाखवलं. पेशीतलं बरंचसं मॅग्नेशियम एटीपी या ऊर्जावाहक रेणूला बांधलेलं असतं. पेशी विभागायच्या वेळी एटीपीचं प्रमाण घटतं, बांधलेलं मॅग्नेशियम मोकळं होतं आणि गुणसूत्रं आणखी आवळली जातात. गुणसूत्रं आवळण्याचं काम कंडेन्सिनसारखी प्रथिनं करतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यात एका साध्या आयनाची वर-खाली होणारी पातळीही हात लावते, हे त्यांनी २०१८मध्ये जिवंत पेशींत मॅग्नेशियमबरोबर चमकणारा सूचक रेणू घालून मोजलं.

इथे मघाचे टक्के पुन्हा आठवायला हवेत. १९७९मध्ये विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी दाखवलं की डीएनएचा सुमारे ९० टक्के ऋणभार झाकला गेला की लांबच लांब रेणू एकदम कोसळतो आणि स्वतःभोवती गुंडाळून घेतो. मॅग्नेशियम ८८वर अडकतं. पाण्यात एकटं मॅग्नेशियम घालून सहसा हे साधत नाही. तीन भारांचा आयन ९२ टक्क्यांपर्यंत नेतो, आणि कोबाल्टभोवती अमोनियाचे सहा रेणू असलेलं संयुग किंचित प्रमाणात घातलं तरी डीएनए गुंडाळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधे भोक असलेली कडी दिसतात, सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाची. हजारो बेसचा पसरलेला धागा आणि तेवढंच घट्ट कडं, यांच्यात अंतर दोन-चार टक्क्यांचं. सजीवांनी हे काम धातूवर सोडलेलं नाही. स्पर्मिडिन आणि स्पर्मिन हे तीन आणि चार धनभारांचे रेणू पेशी स्वतः बनवतात. स्पर्मिनचे स्फटिक लेव्हेनहुकनं सतराव्या शतकातच सुकलेल्या वीर्यात पाहिले होते. ते कशासाठी आहेत, हे कळायला तीनशे वर्षं जायची होती.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात आवडणारी. १९१०मध्ये इव्हार बँग या रसायनतज्ज्ञानं नोंदवलं की ग्वानिलिक आम्लाचं दाट द्रावण गोठून जेलीसारखं होतं. का, हे पन्नास वर्षं कोणालाच सांगता आलं नाही. १९६२मध्ये मार्टिन गेलर्ट, मारी लिप्सेट आणि डेव्हिड डेव्हिस यांनी क्ष-किरणांनी उत्तर शोधलं. चार ग्वानिन एकमेकांचा हात धरून चौकोन करतात आणि असे चौकोन एकावर एक रचले जातात. प्रत्येक ग्वानिनचा एक ऑक्सिजन आतल्या बाजूला येतो. चार ऑक्सिजन एकमेकांच्या समोर, सगळे ऋणभाराकडे कललेले. ही रचना टिकायची तर मधे धनभार हवाच. दोन चौकोनांच्या मधल्या फटीत, वरच्या चार आणि खालच्या चार अशा आठ ऑक्सिजनांच्या घेऱ्यात पोटॅशियमचा आयन नेमका बसतो.

सोडियमही बसू शकतो, पण रचना तितकी पक्की होत नाही. लिथियमनं तर जवळजवळ होतच नाही. बरीच वर्षं पुस्तकांत याचं कारण मापाचं दिलं जायचं: पोटॅशियम फटीत अगदी बेताचा, सोडियम जरा ढिला. ते अर्धसत्य आहे. १९९६मध्ये निकोलस हड आणि ज्युली फायगन यांच्या गटानं हिशेब मांडला. नुसते उघडे आयन तोलले तर फटीत सोडियमच जास्त घट्ट बसेल. पण आत यायचं तर आपलं सगळं पाणी बाहेर टाकून यावं लागतं, कारण आत पाण्याला जागाच नाही. पोटॅशियमची पाण्यावरची पकड सैल. त्याला हे स्वस्तात पडतं. सोडियमला महाग. निवड आतल्या जागेपेक्षा बाहेर सोडाव्या लागणाऱ्या पाण्यानं होते. पेशीच्या आत पोटॅशियम सोडियमच्या दहापटीहून जास्त असतं हे लक्षात घेतलं की या चार पदरी रचनेला पेशीत किती अनुकूल हवामान आहे ते कळेल. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना दोन थायमिन, एक अ‍ॅडेनिन, तीन ग्वानिन हा तुकडा हजारो अक्षरं लांब पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे कच्चा माल तयारच. २०१३मध्ये केंब्रिजमध्ये शंकर बालसुब्रमणियन यांच्या गटानं (त्यांचा जन्म मद्रासचा) खास प्रतिपिंड वापरून माणसाच्या पेशींत अशा चार पदरी गाठी चमकताना दाखवल्या, टोकांना आणि इतरत्रही.

मिठानं पीळ उलटा होतो हेही सांगायला हवं, थोडक्यात. १९७२मध्ये फ्रिट्झ पोल आणि थॉमस जोव्हिन यांनी ग्वानिन-सायटोसिनच्या आलटून-पालटून येणाऱ्या डीएनएत मीठ वाढवत नेलं, समुद्राच्या पाण्याहून पाचपट खारट, आणि प्रकाश फिरवण्याची त्याची तऱ्हा एकदम उलटली. सात वर्षांनी अलेक्झांडर रिच यांच्या गटाला अशाच सहा बेसच्या तुकड्याचे स्फटिक मिळाले; त्यात सर्पिल डाव्या हाताचं निघालं. नागमोडी कण्यामुळे त्याला झेड-डीएनए म्हणतात. या रूपात फॉस्फेट एकमेकांच्या जास्त जवळ येतात, म्हणून भार झाकायला एवढं मीठ. कोबाल्टचं मघाचं संयुग मात्र हेच काम मिठाच्या हजारो पटींनी कमी मात्रेत करतं.

आतापर्यंतचे धातू मुख्यतः फॉस्फेटचे मित्र होते. तांबं त्या जातीचं नाही. त्याला बेसच्या नायट्रोजनचं आकर्षण. अमेरिकेत गुंथर आयकहॉर्न यांनी १९६०च्या दशकात एकेक धातू घालून डीएनए तापवला, तेव्हा मॅग्नेशियमनं उकलण्याचं तापमान वर गेलं आणि तांब्यानं खाली आलं. तांबं आत घुसून बेसच्या जोड्यांचा हात सोडवतं. पण मीठ वाढवलं की त्या साखळ्या पुन्हा जुळल्या. जस्ताबरोबरही असंच झालं. एरवी तापवून झटकन गार केलेल्या डीएनएच्या साखळ्या आपापल्या जोडीदाराला पुन्हा शोधू शकत नाहीत. जस्त असलं की उकललेला डीएनए गार होताच बरोबर जागच्या जागी जुळतो.

पाऱ्याचं प्रकरण त्याहून जुनं. सिडनी कॅट्झ यांनी १९५२मध्ये, म्हणजे दुहेरी सर्पिल कोणालाच माहीत नसताना, डीएनएच्या चिकट द्रावणात मर्क्युरिक क्लोराइड घातलं. चिकटपणा घसरला. पारा काढून घेतला, चिकटपणा परत आला. पुढे त्यांनीच कारण दिलं: समोरासमोरच्या दोन थायमिनांमधले हायड्रोजन हटवून पारा तिथे जाऊन बसतो. थायमिन-पारा-थायमिन. एरवी थायमिनची थायमिनशी जोडी लागत नाही, पाऱ्याच्या मध्यस्थीनं ती मूळ जोडीइतकीच मजबूत लागते. जपानमध्ये अकिरा ओनो यांनी यावरून २००४मध्ये पाण्यातला पारा ओळखणारा डीएनएचा तुकडा बनवला. आणि चांदी दोन सायटोसिनना अशीच जोडते, हेही त्यांच्याच गटानं दाखवलं. २०१७मध्ये जपानमधल्याच जिरो कोंदो आणि सहकाऱ्यांनी असा स्फटिक मिळवला की त्यात डीएनएच्या सर्पिलाच्या आत, टोकापासून टोकापर्यंत, चांदीच्या अणूंची एक अखंड रांग आहे.

आणि प्लॅटिनम. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांना विभागत्या पेशीतले धागे लोहचुंबकाभोवतीच्या लोखंडी किसासारखे दिसले, म्हणून विजेच्या क्षेत्राचा विभागणीवर परिणाम होतो का ते बघायचं होतं. ई. कोलाय जिवाणूंच्या पात्रात त्यांनी प्लॅटिनमची विद्युतअग्रं बुडवली. प्लॅटिनम कशाशी अभिक्रिया करत नाही ही त्यांची समजूत. जिवाणू विभागायचे थांबले, पण वाढत राहिले, काही तर नेहमीच्या तीनशेपट लांब झाले. विजेचा यात काही हात नव्हता. अग्रांवरून निघालेलं प्लॅटिनम पात्रातल्या अमोनियम क्लोराइडशी मिळून संयुगं तयार होत होती. १९६५मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं. त्या संयुगांतलं कामाचं एक मिशेल पेयरोने यांनी १८४०च्या दशकातच बनवलं होतं आणि ते सव्वाशे वर्षं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. १९७८मध्ये ते सिसप्लॅटिन या नावानं अमेरिकेत कर्करोगाचं औषध म्हणून मान्य झालं.

ते काम कसं करतं ते बघताना पुन्हा पाणीच आडवं येतं. सिसप्लॅटिनमध्ये प्लॅटिनमच्या एका अंगाला दोन अमोनिया आणि दुसऱ्या अंगाला दोन क्लोराइड. रक्तात क्लोराइड भरपूर, त्यामुळे तिथे त्याचे क्लोराइड जागचे हलत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे एकेक क्लोराइड सुटतो आणि त्याच्या जागी पाण्याचा रेणू येतो. प्लॅटिनमचे व्यवहार सावकाश, यालाच एक-दोन तास लागतात. मग ते पाणीही जातं, आणि तिथे ग्वानिनचा नायट्रोजन येतो. शेजारचा ग्वानिन दुसरी जागा घेतो. दोन शेजाऱ्यांना प्लॅटिनमनं असं एकत्र खेचलं की डीएनए तिथे मोडल्यासारखा वाकतो आणि त्या बाकाला पेशीतली काही प्रथिनं येऊन चिकटतात. त्यात बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणा गोंधळते आणि पेशी मरायचा निर्णय घेते. याच रेणूचे क्लोराइड समोरासमोर असलेलं जुळं भावंड, ट्रान्सप्लॅटिन, निकामी आहे. त्याला दोन शेजारी ग्वानिन एका वेळी धरता येत नाहीत.

आपल्याकडे तोंडा-घशाच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर हे औषध सर्रास देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांवर एक चाचणी झाली: दर आठवड्याला थोडं की दर तीन आठवड्यांनी जास्त? २०१८मध्ये निकाल आला. रोग जागच्या जागी आटोक्यात ठेवण्यात तीन आठवड्यांची मोठी मात्रा सरस ठरली, त्रासही तिचा जास्त. या औषधानं मूत्रपिंडातून शरीरातलं मॅग्नेशियम गळायला लागतं, म्हणून सलाइनमध्ये मॅग्नेशियमही घालतात.

हे आयन डीएनएजवळ नेमके कुठे असतात, हे बघायला गेलं की एक चमत्कारिक अडचण येते. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात. सोडियमच्या आयनात दहा इलेक्ट्रॉन, मॅग्नेशियमच्या आयनात दहा, पाण्याच्या रेणूत दहा. तिघेही फोटोत एकसारखे ठिपके. मॅग्नेशियम आपल्या सहा पाण्यांच्या नेमक्या अंतरांवरून पकडला जातो. सोडियमचं तसं नाही. त्याचं वर्तुळ सैल आणि बदलतं. १९८०-८१मध्ये रिचर्ड डिकरसन यांच्या गटानं बारा बेसच्या तुकड्याची रचना काढली, तेव्हा अ‍ॅडेनिन-थायमिनच्या भागातल्या अरुंद खाचेत ठिपक्यांची एक सुरेख माळ दिसली. सगळे पाण्याचे रेणू, असं त्यांनी वाचलं. १९९०च्या दशकात लोरेन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी विचारलं, त्यातले काही सोडियम नसतील कशावरून? सोडियमच्या जागी रुबिडियम, सीझियम, थॅलियम असे जड, फोटोत ठळक दिसणारे आयन घालून पाहिले गेले. खाचेत ते सापडले, पण प्रत्येक जागी पूर्ण वेळ नाही, काही वेळापुरते. अ‍ॅडेनिनची सलग रांग असलेला डीएनए किंचित वाकलेला असतो, आणि खाच तिथेच सगळ्यात अरुंद असते. आयन शिरले म्हणून खाच आवळली आणि रेणू वाकला, की बेसच्या रचनेनंच खाच अरुंद केली आणि मग आयन तिथे थांबले, यावर तज्ज्ञांत दोन तट पडले. संगणकावरच्या अनुकरणांत आयन खाचेत शिरतात, काही नॅनोसेकंद थांबतात आणि निघून जातात.